‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे नियम नसलेलं रग्बी’? अजिबात नाही

एक मेसेज सारखा फिरतोय. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलला म्हणे नियमच नाहीत, गोल हुकला तरी पॉइंट मिळतो म्हणून तो पोरखेळ, वर तो रग्बीची नक्कल, आणि मेलबर्न सोडलं तर त्याला कुत्रं विचारत नाही. हे न तपासता पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आधी नियमांचं बघू. पहिल्यांदा बघताना गोंधळ वाटतो हे मान्य, अंडाकृती मैदान, दोन्हीकडचे १८-१८ खेळाडू, ऑफसाइड नाही, त्यामुळे कोणीही कुठेही पळतंय असंच दिसतं. पण बॉल घेऊन पळायचं तर दर १५ मीटरला त्याचा टप्पा पाडावा लागतो नाहीतर तो जमिनीला टेकवावा लागतो, आणि हा बॉल लांबुळका असतो, टप्पा जरा चुकला की भलतीकडेच जातो, मागे टॅकल करायला माणूस लागलेला असताना हे करायचं म्हणजे काय ते विचार करा. बॉल फेकायचा तर नाहीच, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. टॅकल खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, पाठीत ढकललं की फ्री किक. आणि किमान १५ मीटर आलेली किक मध्ये कोणाचा हात न लागता, टप्पा पडायच्या आत झेलली की ‘मार्क’, मग त्याला निवांत किक मारायला मिळते. दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत वर जाऊन घेतलेला मार्क एकदा बघाच, क्रिकेटमधले भलेभले कॅच विसराल.

आता तो एक पॉइंट. प्रत्येक टोकाला चार खांब असतात, मधल्या दोन उंच खांबांतून किक गेली की गोल, ६ पॉइंट, गोल अंपायर दोन झेंडे हलवतो. बॉल बाजूच्या फटीतून गेला किंवा उंच खांबाला लागला की ‘बिहाइंड’, १ पॉइंट, एक झेंडा. पण हे फुकटचं बक्षीस नाही, कारण बिहाइंड झाला की बॉल समोरच्या टीमकडे जातो. १९६६ च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे लीगचा विजेता ठरवणाऱ्या मॅचमध्ये, सेंट किल्डा आणि कॉलिंगवूड या दोन्ही क्लबांचे १० गोल होते, बिहाइंड १४ आणि १३, आणि शेवटच्या मिनिटांतल्या बॅरी ब्रीनच्या बिहाइंडवर सेंट किल्डा ७४-७३ ने जिंकलं! त्यांचं आजवरचं एकमेव विजेतेपद ते. याला पोरखेळ म्हणणार?

नक्कल वगैरे तर तारखाच खोडून काढतात. मेलबर्नला हे नियम लिहिले १८५९ मध्ये, इंग्लंडची रग्बी युनियन स्थापन झाली १८७१ ला. ते लिहिणाऱ्यांपैकी टॉम विल्स इंग्लंडच्या रग्बी स्कूलमध्ये शिकलेला, तेवढा प्रभाव आहेच, पण तो मुळात क्रिकेटर, हिवाळ्यात क्रिकेटर्सनी फिट राहावं म्हणून त्याने हे काढलं. आजही मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर हिवाळाभर याच्या मॅचेस असतात म्हणून तर तिथलं क्रिकेटचं पिच बाहेर तयार करून आणून बसवतात.

राहिलं मेलबर्न. एएफएल या खेळाच्या मुख्य लीगमधल्या १८ पैकी ९ क्लब तिथले, सिडनी-ब्रिस्बेनला रग्बी लीगचा जोर जास्त, हे खरंय. पण २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी ती लीग ब्रिस्बेन लायन्सनेच जिंकली, २०१९ ला बायकांची फायनल बघायला ॲडलेड ओव्हलवर ५३,०३४ लोक होते, नाउरूचा तर हा राष्ट्रीय खेळ आहे. आणि डार्विनच्या उत्तरेला टीवी बेटं आहेत, वस्ती जेमतेम काही हजार, तिथल्या स्थानिक ग्रँड फायनलला डार्विनहून माणसं बोटीने, विमानाने जातात. फुटबॉलपटूंचं रिओली घराणं तिथलंच. मॉरिस रिओलीला १९८२ ला आणि त्याचा पुतण्या सिरिलला २०१५ ला एएफएलच्या (१९८२ ला तिचं नाव व्हीएफएल होतं) ग्रँड फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल मिळालंय, आणि मॉरिसला तर हरलेल्या टीमकडून खेळून.