शेरिफच्या आधी शेजाऱ्याशी बोला

शेजारी तुमच्या शिकारीच्या रानातून न विचारता गेला की थेट शेरिफला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाला, फोन करा, हा लेखातला सल्ला मला पटला नाही. टेक्सासमध्ये आमचीही जमीन आहे. आधी त्याच्या घरी जाऊन बोला. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम सुरू झाला की झाडीत बसलेल्या शिकाऱ्याला पलीकडून येणारा माणूस दिसेलच असं नाही. जीवाशी गाठ आहे, हे स्पष्ट सांगा. मग हद्दीवरच्या झाडांना जांभळे पट्टे मारा: उभे, किमान 8 इंच लांब, 1 इंच रुंद, जमिनीपासून 3 ते 5 फुटांवर. इथल्या कायद्याने तीच प्रवेशबंदीची पाटी, आणि ती कुणी उपटून नेत नाही. तरीही कुणी बंदूक घेऊन घुसला, तर मात्र हुज्जत घालू नका, शेरिफलाच बोलवा.