टेलिकॉलर व्हायचंय? या, बसा, आधार कार्ड काढा!

पोलीस भरतीचं मैदान मारून झालं, तलाठी परीक्षेची फी भरून झाली, बी.कॉम.ची गुणपत्रिका लॅमिनेट करून कपाटात ठेवून झाली, आणि तरी शेजारची काकू दर सणाला विचारते, "मंग, काय करून रायली पोरगी सध्या?" तुमचंही असंच चाललं असेल तर मैत्रिणींनो, हा लेख तुमच्यासाठी आहे. (मित्रांनो, तुम्हाला घेत नाहीत. पाटीवर "मुलींना प्राधान्य" असं लिहिलेलं असतं. का, ते पुढे कळेल.)

तालुक्याच्या एसटी स्टँडवर जा. "मूळव्याध बिना ऑपरेशन" आणि "बोअर मारून मिळेल" यांच्या मधोमध तुमचं भविष्य चिकटवलेलं आहे. पाहिजेत टेलिकॉलर, एसी ऑफिस, पगार १२ ते १८ हजार अधिक इन्सेंटिव्ह, अनुभवाची गरज नाही. ही नोकरी मी नुकतीच करून आले. पगार तिथेच राहिला. माझ्या नावावरची सगळी सिमं बंद पडली, आणि त्यातल्याच एका नंबरला आईचं आधार जोडलेलं असल्यामुळे लाडकी बहीणच्या केवायसीचा ओटीपी सध्या कुठल्या आभाळात फिरतो आहे ते देवालाच माहीत. म्हणजे सल्ला द्यायला माझ्याइतकी लायक बाई तुम्हाला पंचक्रोशीत मिळणार नाही.

सुरुवात एसीपासून करू. जाहिरात खोटं बोलत नाही, एसी असतो. तो सरांच्या केबिनमध्ये असतो. तुम्ही बाहेर, कृषी केंद्राच्या वरच्या टिनाच्या गाळ्यात. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो हे तुम्हाला मी काय सांगावं! गाळ्यात कूलर आहे, पण कॉल चालू असताना तो बंद ठेवायचा, कारण त्याची घरघर ग्राहकाला ऐकू जाते आणि मग "कॉर्पोरेट फील येत नाही". कॉल दिवसभर चालूच असतात. हेडफोनचा स्पंज आधीच्या पोरीच्या घामानं ओला असतो, तो ओढणीनं पुसून घ्या.

ट्रेनिंगचं डिपॉझिट मागतील, "रिफंडेबल आहे" म्हणतील. हसून द्या.

पहिल्याच दिवशी तुमचं बारसं होतं. घरच्यांनी ठेवलेलं नाव ग्राहकाला गावठी वाटतं म्हणे, त्यामुळे आजपासून तुम्ही रिया. शेजारच्या खुर्चीवरची पण रियाच. गाव विचारलं तर "मुंबई हेड ऑफिस" सांगायचं. इथे एक बारीक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवते. आमचं हेड ऑफिस स्टँडला लागून होतं. मी एका काकांना मोठ्या ऐटीत "सर, मी मुंबईहून बोलतेय" असं म्हणाले आणि मागून स्टँडचा भोंगा वाजला, "दारव्हा मार्गे कारंजाला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर..." काका शांतपणे म्हणाले, "म्याडम, मुंबईत कारंजा गाडी कवापासून लागते वं? थांबाले सांगा तिले, मले बी जा लागते." मला हसू आवरेना. टीएलनं, म्हणजे टीम लीडरनं, त्यावर उपाय म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. महिना मेच होता.

स्क्रिप्ट पाठ करा. "सर, आपल्या अमूल्य वेळातील केवळ दोन मिनिटं" असं सुरू होतं ते. आम्ही आरोग्य विमा विकायचो. कंपनी मोठी, पण ऑफिस कंपनीचं नव्हे, एजंटच्याही खालच्या एजंटचं. हे ग्राहकाला सांगायचं नसतं. न सांगायच्या गोष्टींची यादी स्क्रिप्टपेक्षा लांब होती. आधीपासून शुगर-बीपी असेल तर त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही. पॉलिसी पसंत पडली नाही तर तीस दिवसांच्या आत परत करता येते, हे विचारलं तरी सांगायचं नाही.

आणि वऱ्हाडीत बोलायचं नाही. तोंडून "काहून जी" निघालं की टीएल क्वालिटीचा मार्क कापतो. आता गंमत बघा, माझ्या हातून ज्या थोड्याफार पॉलिसी गेल्या त्या सगळ्या टीएल चहाला गेलेला असताना गेल्या.

फोन कधी करावा? शेतकरी पाठीवर पंप घेऊन फवारणी करत असताना करावा, म्हणजे तो "हात औषधानं भरले हायेत बाई, सांज्याले कर" म्हणतो आणि तुम्हाला शीटमध्ये "फॉलोअप" लिहिता येतं. किंवा भर दुपारी करावा. रात्री शेतीची लाइन असते, माणूस रात्रभर ओलित करून दिवसा कुठे जरा आडवा होतो, त्याच वेळी त्याला रिया आठवली पाहिजे. कापसाच्या दिवसांत तर अवश्य करा. एका भाऊंनी माझं सगळं ऐकून घेतलं. इतकं शांतपणे कुणी ऐकत नाही, मला वाटलं आज इन्सेंटिव्ह नक्की. मग म्हणाले, "ते समदं ठीक हाय, तुमची कंपनी कापूस घेते का? सीसीआयवाल्यानं ओलावा बारा टक्क्याच्या वर हाय म्हून गाडी वापस लावली." (सीसीआय म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ.) स्क्रिप्टमध्ये याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, नाही घेत. "मंग ठेव."

"आमच्याकडं पाच लाखाचं आयुष्मान कार्ड हाय" असं ग्राहक म्हणाला तर घाबरू नका, त्याचंही उत्तर छापून दिलेलं आहे. "सर, सरकारी योजनेत आपल्याला व्हीआयपी ट्रीटमेंट मिळते का?" हे उत्तर मी एका आजोबांना ऐकवलं. ते म्हणाले, "व्हीआयपी नको माय, खाट भेटली तरी लय झालं."

शीटमध्ये प्रत्येक नंबरपुढे काहीतरी लिहावं लागतं. "आरएनआर" म्हणजे वाजला पण उचलला नाही. "एनआय" म्हणजे नको म्हणाला. आईबहिणीवरून बोलला तर तेही "एनआय"च. शिव्यांसाठी वेगळा रकाना नाही. मी मागितला होता.

आता डेटा. डेटा म्हणजे नंबरांची शीट. ती कुठून येते हे विचारायचं नसतं, सर म्हणतात "सोर्स आहे". नाव, गाव, मोबाइल, पीक आणि एकर. पीक आणि एकर! विमा विकायला सोयाबीन किती एकर हे कशाला लागतं, आणि हे कोणत्या दुकानाच्या बिलबुकातून उचललं, हे ज्याचं त्यानं समजावं. ती शीट जुनी असते. किती जुनी, ते पलीकडून कळतं. घाटंजीकडचा एक नंबर लावला, बाईनं उचलला. मी स्क्रिप्टप्रमाणे नाव घेऊन "सर आहेत का?" विचारलं. ती म्हणाली, "ते तं गेले जी. पोळ्याले दोन दिस होते." काय झालं होतं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. समोरच्या कागदावर पुढची ओळ होती, "घरात कमावणारे आपण एकटेच आहात का, सर?" मी फोन ठेवून दिला. त्याबद्दल टीएलनं मला सगळ्यांसमोर उभं केलं. "कॉल ड्रॉप का केला? नवरा गेलेल्या बाईचं लीड हॉट असतं, तिला भीती असते, तिथेच क्लोज करायचं." हे वाक्य जसंच्या तसं आहे. (लीड म्हणजे गळाला लागू शकेल असं गिऱ्हाईक.) पंचवीस वर्षांचा पोरगा, माझ्याच कॉलेजचा, गळ्यात आयकार्ड. त्यानं हे कुठे शिकलं? सरांकडे. सर कुठे शिकले? कुठल्या तरी हॉटेलात झालेल्या सेमिनारमध्ये. आणि दर सोमवारी सकाळी आम्हाला टाळ्या वाजवायला लावायचे, "आय कॅन, आय विल". त्या नंबरपुढे मी काय लिहिलं माहीत आहे? दुसरं काही लिहिताच येत नव्हतं म्हणून "फॉलोअप". शीटनुसार त्या बाईला पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन जायचा होता. गेलाही असेल, दुसऱ्या रियाचा.

असो. सल्ल्यांकडे वळू.

रात्री अकराला व्हॉट्सॲपवर "हाय रिया जी, जेवन झालं का" येईल. ब्लॉक करू नका, सर म्हणतात तो वॉर्म लीड आहे. "मुलींना प्राधान्य" कशासाठी ते आता कळलं ना?

एसटी दहा मिनिटं उशिरा आली तर अर्धा दिवस कापला जातो. महामंडळाला कळवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, सिमचा. ऑफिस तुम्हाला फोन देतं, त्यात सिम मात्र तुमच्या आधारवरचं. "कंपनीची प्रोसेस आहे बेटा, अंगठा लाव." खाली मोबाइलवाला मशीन घेऊन तयारच असतो. आपणही लावतो, कारण नोकरीच्या पहिल्या दिवशी कोण वाद घालतं? प्रोसेस काय आहे ते ऐका. जाहिरातीचे फोन करायला रीतसर नोंदणी लागते आणि १४०नं सुरू होणारा नंबर लागतो. साध्या दहा आकडी नंबरावरून असे फोन करायला ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, मनाई आहे. पण १४० दिसला की आजकाल शाळेतलं पोरगंही फोन उचलत नाही, म्हणून सरांना साधा नंबर हवा, आणि तो स्वतःच्या नावाचा नको! लोक वैतागून १९०९वर तक्रार करतात. त्यांचं काहीच चुकत नाही, मीही केली असती. २०२५च्या बदललेल्या नियमाप्रमाणे दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. पहिल्या वेळी पंधरा दिवस त्या माणसाच्या नावावरच्या नंबरांचं आउटगोइंग बंद. पुन्हा सापडला तर वर्षभर नंबरच बंद, तेही सगळ्या कंपन्यांचे. माणसाच्या म्हणजे कुणाच्या? ज्याचा अंगठा त्याच्या.

माझे नंबर बंद पडले तेव्हा सरांना वाईट वाटेल अशी माझी समजूत होती. सर म्हणाले, "टेन्शन नको घेऊ, घरी आई असेल ना? तिच्या आधारवर एक काढून टाक." भावाचं चालेल, वहिनीचं चालेल, आजीचं असेल तर आणखी चांगलं, तिचा नंबर स्वच्छ असतो. "नंबर स्वच्छ" म्हणायची पद्धत आहे त्यांच्यात. पोरी आणत होत्या हो आयांची आधार कार्डं, पिशवीत घालून, डब्याच्या बाजूला! पगार अडकलेला असतो ना, नाही कसं म्हणणार? मी नाही आणलं, म्हणून मी "निगेटिव्ह ॲटिट्यूड".

तुम्ही अशा ठिकाणी अंगठा लावलेला असेल तर आजच सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर जाऊन बघा, तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे दिसतं. जे तुमचं नाही त्यापुढे "माझं नाही" असं नोंदवा. हा सल्ला उपरोधिक नाही.

पगाराचं विचारलं तर उत्तर येतं, "नोटीस पिरियड सर्व्ह केला नाही, सॅलरी होल्ड." कसली नोटीस? नेमणुकीचं पत्र कधी दिलं होतं? कुठल्या कागदावर माझी सही आहे, त्या सिमच्या फॉर्मशिवाय? वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा कायदा, आली आहे सर, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. माणसानं काम सोडलं की दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा असतो. दंड लावायचाच तर पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर लावता येत नाही. तुम्ही दहा मिनिटांना अर्धा दिवस, टार्गेट चुकलं की अर्धा पगार आणि खुर्चीचं चाक तुटलं तर वर्गणी, असं सगळं कापून वर "बेटा" म्हणता. मी सहायक कामगार आयुक्तांकडे यवतमाळला अर्ज देऊन आले आहे. पोच घेतली आहे. सरांचा निरोप आला, "समजुतीनं घे, छोटं गाव आहे, नाव खराब होतं." कोणाचं नाव? सगळीकडे नाव तर माझंच लावलंय तुम्ही!

आणि फोनवर घाणेरडं बोलणारे भाऊ, तुम्हीही ऐका. विमा नको तर नको म्हणा, फोन आपटा, १९०९ला कळवा, तुमचा हक्क आहे. पण पोरीचा आवाज आहे म्हणून रात्री बारा वाजता फोटो मागता? दिवसा बांधावर "ताई" म्हणून हाक मारणारेच आहात ना तुम्ही? लाज वाटू द्या.

आणि सर, शेवटचं तुम्हाला. पोरींच्या घरी दोन पैसे जातात, तालुक्यात रोजगार आणला, असं सत्काराच्या भाषणात सांगता. एकही फोन तुमच्या तोंडून गेलेला नाही, एकही शिवी तुमच्या कानात पडलेली नाही, एकही नंबर तुमच्या नावावर नाही. कायद्यानं पाहिलं तर त्या गाळ्यात तुम्ही नव्हताच, आम्हीच होतो! माझा पगार खात्यात टाका, त्या घाटंजीच्या बाईचा नंबर शीटमधून काढा, आणि तुमची स्वतःची पोरगी नागपूरला शिकते ना, पुढचं सिम तिच्या आधारवर घ्या.