पूर आलाय? मग समन्वय तुमच्याकडे

सांगलीजवळ सांगलवाडीला कृष्णेकाठी राहायला आलात? या, बसा. मे महिन्यातच एक शंभर पानी वही आणून ठेवा. पहिल्या पानावर लिहा: आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा, 45 फूट धोका. पुढच्या पानांवर फोन नंबर. भरपूर लागतील.

कारण वरच्या कोयना धरणातून किती क्युसेक सुटलं ते पाटबंधारेवाले सांगणार, पाऊस किती ते हवामानवाले, गल्लीत पाणी कधी शिरणार ते महापालिका आणि खाली कृष्णेवरच्याच अलमट्टी धरणाचे दरवाजे किती उघडले ते कर्नाटक. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली प्राधिकरण दिलंय; सगळी खाती एका टेबलाशी बसतात. चहा एक, आकडे ज्याचे त्याचे. त्यांची बेरीज करून म्हैस कधी सोडायची, हे तुम्ही ठरवायचं. माझं ऐकाल तर पाणी घाटाकडच्या तिसऱ्या पायरीला लागलं की सोडा. ती पायरी कुठल्या ग्रुपवर नाही, म्हणून अजून चुकलेली नाही.

बोट मागवलीत तर धीर धरा. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा ब्रह्मनाळकरांनी ग्रामपंचायतीचीच बोट काढली. भरली, जास्तच भरली आणि उलटली. इथं मला विनोद सुचत नाही. पुढं चला.

पाणी ओसरलं की घर धुवायची घाई नको. भिंतीवरची चिखलाची रेघ हीच तुमची पावती. त्याच ऑगस्टमधल्या शासन निर्णयात 10 किलो गहू न् 10 किलो तांदूळ होते, पण दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहणाऱ्यांना. तेव्हा नदीला हात जोडून सांगायचं, बाई, आलीस तशी दोन दिवस नीट राहून जा. पंचनाम्याला तलाठी येईल, महापालिकेचा माणूसही येईल. दोघांना तीच रेघ दाखवा, दोघं वेगवेगळी मोजतील.

दोष कुणाचा, असं कुणी विचारलं तर अलमट्टी म्हणून मोकळं व्हा. त्या पुराची कारणं शोधायला राज्यानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर ठपका ठेवला नव्हता, हे मात्र बोलू नका. राज्याचं म्हणणं राज्यापर्यंत पोचवायला वेगळी बैठक लागते.

वहीचं शेवटचं पान शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला. नंबर ठळक लिहा. गेल्या पुरात माझी म्हैस आणि सासूबाई त्याच्याच ट्रॉलीतून गेल्या. यंदा डिझेलचे पैसे आधीच देऊन ठेवलेत.