बिअर दुसऱ्या पात्रात काढायलाच हवी का?

घरी बिअर करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: आठवडा झाला की बिअर तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावरून काढून दुसऱ्या पात्रात भरावी, म्हणजे दुय्यम किण्वन होते (ती दुसऱ्यांदा आंबते), बिअर नितळ होते आणि मेलेल्या यीस्टची चव तिला लागत नाही. ब्रिटनमध्ये घरच्यापुरत्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही. तिथल्या नेहमीच्या २३ लिटरच्या बादलीपुरते बोलायचे तर यातला एकही मुद्दा टिकत नाही. (महाराष्ट्रात विनापरवाना हा उद्योग गुन्हा ठरतो, हे जाता जाता नोंदवतो.)

मुळात नावच फसवे आहे. दुसऱ्या पात्रात जाईपर्यंत साखर बहुतेक संपलेली असते, त्यामुळे तिथे बिअर आंबत नाही, नुसती मुरते. खरे दुसरे किण्वन होते ते बाटलीत, भरताना घातलेल्या साखरेवर.

मेलेल्या यीस्टची भीती अगदीच निराधार नाही, पण ती कारखान्यांतून आलेली आहे. तिथल्या उंच टाक्यांच्या शंकूसारख्या तळाशी यीस्टचा जाड थर दाबला जातो, आतल्या आत तापतो, पेशी फुटतात आणि बिअरला जळक्या रबरासारखा वास येऊ लागतो. बादलीच्या सपाट तळावर मात्र बोटभर थर पसरलेला असतो आणि १८ ते २० अंशांना तो तीन-चार आठवडे काही बिघडवत नाही. उलट हेच यीस्ट शेवटच्या दिवसांत हिरव्या सफरचंदाच्या चवीचे असिटाल्डिहाइड आणि लोण्याच्या वासाचे डायअसिटिल पुन्हा शोषून घेत असते. म्हणून दिवस मोजू नयेत. हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचे) माप, समजा १.०१२, तीन दिवस हलले नाही तरच किण्वन संपले असे धरावे.

नितळपणा येतो तो वेळेमुळे आणि थंडीमुळे. तीच बादली दोन-तीन दिवस ३-४ अंशांना ठेवली तरी गाळ खाली बसतो.

सर्वांत महाग पडतो तो ऑक्सिजन, आणि त्याबद्दल सल्ला देणारे अवाक्षर काढत नाहीत. पहिल्या बादलीत बिअरवर कार्बन डायऑक्साइडचे पांघरूण असते. नव्या पात्रात साधी हवा असते आणि किण्वन थंडावल्यामुळे तिला हुसकून लावण्याइतका वायूही निघत नाही. बिअर काढायच्या नळीच्या जोडाशी बुडबुड्यांची माळ धावताना दिसली, की हवा आत चालली असे समजावे. मी एकदा एकाच घाण्याची आयपीए (भरपूर हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांची बिअर) दोन बादल्यांत लावून त्यातली एकच दुसऱ्या पात्रात काढली होती. बाटलीत भरून सहा आठवडे झाले तेव्हा न हलवलेली मधाच्या रंगाची होती, तर काढलेली कोऱ्या चहासारखी काळवंडली होती आणि हॉप्सच्या जागी तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता.

अर्थात दुसरे पात्र काही ठिकाणी खरोखर उपयोगी पडते. चेरी किंवा रासबेरी घालायची असेल (फळातल्या साखरेवर किण्वन तिथे खरेच पुन्हा सुरू होते), किंवा आंबट बिअर कित्येक महिने मुरवायची असेल, तर ती गाळावरून जरूर काढावी. पण तेव्हाही पात्र गळ्यापर्यंत भरलेले हवे. २३ लिटरच्या पात्रात १८ लिटर बिअर भरणे म्हणजे पाच लिटर हवा तिच्या उशाशी ठेवणे आहे.