बिलावरचा ‘३१’ बघून फवारणी करू नका

गोडी बहार छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, उरकत आली की द्राक्षाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला निफाडहून आला, दिंडोरीहून आला आणि शेवटी घरातूनच, आतेभावाकडून आला. मजकूर साधारण असा : ‘बाहेरच्या देशातून आलेल्या टॉनिकच्या बिलावर एचएसएन कोड बघा. ३१ ने सुरू होत असेल तर ते सरकारमान्य खत, बिनधास्त मारा, रेसिड्यू येत नाही. ३८०८ असेल तर विष. आयात माल कस्टमने तपासूनच सोडलेला असतो.’ एचएसएन म्हणजे बिलावरचा मालाच्या वर्गवारीचा आकडा. ३१ हे त्यातलं खतांचं प्रकरण, ३८०८ ही कीडनाशकं आणि तत्सम मालाची जागा. रेसिड्यू म्हणजे फळात उरणारा रसायनाचा अंश.

मी नऊ वर्षं न्हावा-शेव्याला कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाकडे याच मालाची कागदपत्रं केली, आणि आता पिंपळगावजवळ घरची बाग बघतो. मेसेजमधल्या चारही गोष्टी चूक आहेत.

‘कस्टमने तपासून सोडलं’ हे आधी घेतो, कारण बाकीचा सगळा विश्वास त्यावर उभा आहे. २०११ पासून आयातदार कोड स्वतःच ठरवतो, ड्युटी स्वतःच काढतो आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची कस्टमकडची नोंद, ऑनलाइन भरतो. कुठला कंटेनर उघडायचा हे जोखीम पाहून कॉम्प्युटर ठरवतो. कितीतरी कंटेनर न उघडताच गेटबाहेर पडतात. अशा नोंदी मी स्वतः टाइप केल्या आहेत. टेबलावर असायचं ते इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि माल पाठवणाऱ्यानेच दिलेलं ॲनालिसिस सर्टिफिकेट. ड्रममध्ये काय आहे ते मी कधीही पाहिलं नाही. कोड चुकीचा होता असं पुढे निघालं तर करातल्या फरकाची नोटीस येते, मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर पाच वर्षं मागे जाऊनही येते. पण तोवर तुमची द्राक्षं युरोपात उतरून तपासूनही झालेली असतात.

आता ‘३१ म्हणजे सरकारी मान्यता’. एचएसएन ही कर आकारण्यासाठी केलेली मालाची वर्गवारी आहे. पहिले सहा आकडे ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, जगभर सारखे. पुढचे दोन आपले. ती कशी चालते ते शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, या खतावर बघा. त्याची २५ किलोची गोणी आली तर कोड ३१०४. तोच माल एक किलोच्या पाकिटात आला तर ३१०५, कारण एकूण १० किलोपर्यंतच्या पॅकिंगमधल्या खतांना वेगळी जागा आहे. पावडर तीच, पाण्यात विरघळणं तेच, बदलली फक्त पिशवी. आणि आपण ड्रिपमधून सोडतो ते १३-००-४५? पोटॅशियम नायट्रेट ३१ मध्ये नाहीच, ते २८३४ मध्ये, रसायनांच्या प्रकरणात बसतं. उलट प्लायवूडचा डिंक करणाऱ्या कारखान्यात जाणारा युरियासुद्धा ३१०२ च. मेसेजच्या हिशोबाने तेरा-शून्य-पंचेचाळीस खत नाही आणि डिंकाचा कच्चा माल खत आहे!

कोडाचा मोह कशाला होतो तेही सांगतो. खतावर जीएसटी ५ टक्के, बहुतेक कीडनाशकांवर १८. पण मला पैशापेक्षा मोठी वाटते ती दुसरी सुटका. माल कीडनाशक किंवा वाढ-नियंत्रक म्हणून आणायचा तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली केंद्रीय नोंदणी समितीची नोंदणी लागते. तोच माल ‘समुद्री शेवाळाचा अर्क’ म्हणून ३१०१ मध्ये दाखवला की या नोंदणीचा प्रश्न तिथे निघतच नाही. शेवाळाचा खरा, चांगला अर्क बाजारात आहे, मीही वापरतो. पण बिलावरचा ३१ आकडा तो खरा आहे की नाही हे सांगत नाही. आयातदाराने काय लिहून दिलं एवढंच सांगतो.

‘३८०८ म्हणजे विष’ हे तर एका ओळीत पडतं. घड डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड द्रावणात बुडवायला, वापरतो ते जिबरेलिक ॲसिड ३८०८ मध्येच आहे, त्याच्या नावाचा स्वतंत्र आठ आकडी कोड आहे : ३८०८९३३०. भुरी या बुरशीच्या रोगावरचं ८० टक्के गंधक तिथलंच, घरातली मच्छर अगरबत्तीही तिथलीच. विषारीपणा किती ते लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग सांगतो : लाल, पिवळा, निळा, हिरवा.

राहिला रेसिड्यू, आणि इथे मला खरंच काळजी वाटते. २०१० चा हंगाम ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपलं सीसीसी, हे ना कीड मारतं ना बुरशी. वेलीची वाढ आवरायला मारायचं. त्याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि नाशिकचे कंटेनर अडकले. प्रयोगशाळेतलं मशीन मण्यातला रेणू शोधतं. बिलावर ३१ होतं की ३८, त्याला काय माहीत? ज्या रसायनाला युरोपने वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला ०.०१ पीपीएम लागू होते, म्हणजे शंभर टन द्राक्षात एक ग्रॅम. आपल्याकडेही २०२१ पासून बायोस्टिम्युलंट (वाढीला चालना देणारी अशी टॉनिकं) खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत, आणि त्यांत कीडनाशकाचा अंश याच ०.०१ च्या वर चालत नाही. निर्यातीची बाग असेल तर बघायची ती पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी आणि काढणीपूर्व दिवस, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर.

परवा आतेभाऊ बाटली घेऊनच आला. सुंदर लेबल, पानाचं चित्र, ‘आयातित’ असं मोठ्या अक्षरात. त्रिकोण नाही, कीटकनाशक नोंदणी क्रमांक नाही, खत नियंत्रण आदेशाचा उल्लेख नाही, घटकांच्या जागी ‘नैसर्गिक वाढ घटक’. बिलावर मात्र ३१०१ ठळक. मी म्हटलं, “अण्णा, दुकानदाराकडून घटकांचा कागद आणि याच बॅचचा रेसिड्यू रिपोर्ट मागा. मिळेपर्यंत टाकीत घालू नका.” त्यांनी तिथूनच दुकानात फोन लावला. समोरून उत्तर आलं, “कोड बघा ना, ३१ आहे.” अण्णांनी बाटली परत पिशवीत घातली.