शांत केलं, पण कसं?

चिडलेल्या माणसाला शांत करणं मला जमतं. त्याचा आवाज चढला की मी माझा उतरवतो आणि अधूनमधून "बरोबर आहे तुमचं" म्हणत राहतो. गृहस्थ थंड होऊन जातात. छळ सुरू होतो तो त्यानंतर, कारण झाल्या प्रकाराचा अहवाल साहेबांना इंग्रजीत लागतो, आणि 'शांत केलं'ला नेमका इंग्रजी शब्द काही सापडत नाही.

'पॅसिफाय' लिहिलं, तर साहेबांच्या कपाळाला आठी. तसं त्यांचंही खरंच आहे म्हणा. अमेरिकेत बाळाच्या तोंडातल्या चोखणीला पॅसिफायर म्हणतात, आणि फौज घुसवून बंड मोडलं तरी क्रियापद तेच. मी ग्राहकाच्या तोंडात काही कोंबलं नव्हतं, की त्याच्या दारात रणगाडेही उभे केले नव्हते.

मग 'अपीझ' लिहिलं. साहेब खुर्चीतून अर्धे उठलेच. "अहो, चेंबरलेन!" हे ब्रिटनचे पंतप्रधान १९३८ साली म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा भाग देऊन हिटलरला गप्प करायला गेले, आणि पुढच्या मार्चमध्ये तो त्या देशाची राजधानी प्रागही गिळून बसला. तेव्हा या शब्दाला जो डाग लागला, तो काही निघाला नाही. आम्ही दिली होती ती नुसती वाढीव वॉरंटी; पण ग्राहकाची पुढची मागणी प्रागची येणार, असं साहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

'अले' (allay) माझ्या फार मनात होता. छोटा, सुटसुटीत. पण तो माणसाला लागतच नाही! भीती अले करता येते, शंका करता येते, ग्राहक नाही. 'अस्वेज'ला (assuage) दुःख, भूक किंवा अपराधीपणा हवा. 'मॉलिफाय' चालला असता, मूळ लॅटिनात 'मऊ करणं'. पण त्याच मुळातून मॉलस्क, म्हणजे गोगलगायींचं खानदान निघालंय हे वाचलं आणि त्या ग्राहकाकडे गंभीरपणे पाहणं कायमचं अवघड झालं.

उरला 'सूद' (soothe). "तो मलमाच्या ट्यूबवर असतो," साहेब म्हणाले. मी शब्दकोश उघडून दाखवला: आधी अर्थ 'खरं ठरवणं', मग 'होला हो करून खूश ठेवणं' आणि तिथून शांत करणं. म्हणजे माझी पद्धत अगदी जशीच्या तशी! हे पटवताना माझा आवाज जरा चढला असेल.

"काम डाऊन," साहेब म्हणाले.

हे ऐकून कोणी शांत झाल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. अहवालात शेवटी 'इश्यू क्लोज्ड' गेलं. ते साहेबांनीच टाइप केलं. मी तेव्हा बोलायच्या मनःस्थितीत नव्हतो.