फियाटला फुटलेली ज्वाळा

मे महिन्यात नागपुरात लग्न ठरलेल्या माणसाला आगीची हौस कशी काय वाटू शकते, हे मला अजून उमगलेले नाही. पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळत असतो, सीताबर्डीवर दुपारी कुत्रेसुद्धा सावली सोडत नाही, कूलरच्या टाकीत पाणी भरण्यात निम्मा संसार खर्ची पडतो, आणि अशा गावात माझ्या भाच्याने हट्ट धरला की, वरातीची मोटार मागून ज्वाळा फेकतच मंगल कार्यालयाच्या दारात आली पाहिजे. ही मोटार म्हणजे त्याच्या आजोबांची, अर्थात माझ्या वडिलांची, १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरी तिला पद्मिनी कोणीच म्हणत नाही. कुर्ल्याच्या कारखान्याने नाव बदलले तरी ती आम्हाला फियाटच राहिली.

भाच्याकडे स्वतःची नवी गाडी आहे. पण ती या कामी निरुपयोगी. तिच्यात पेट्रोल किती सोडायचे हे संगणक ठरवतो आणि तो एक थेंबही वाया जाऊ देत नाही. चुकून गेलाच, तर पुढे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो, आणि न जळलेले पेट्रोल त्याच्यात शिरून पेटले तर तो महागडा डबा स्वतःच वितळायला लागतो. ज्वाळा काढायला असले पहारे नसलेली, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या साध्या कार्बोरेटरवर चालणारी, हाताने चोक ओढायची सोय असलेली आणि दोन गुन्हे पोटात घालणारी गाडी हवी असते. नातेवाइकांमध्ये अशी गाडी माझ्याकडेच होती. म्हणून भाचा अचानक वरचेवर घरी येऊ लागला आणि माझ्या तब्येतीची चौकशी करू लागला.

या करामतीची तांत्रिक बाजू ऐकल्यावर मला वडिलांची आठवण होऊन कानकोंडे झाले. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि हे गणित जुळावे म्हणून वडिलांनी त्या १०८९ सीसीच्या इंजिनामागे उभी हयात घालवली. दर रविवारी बॉनेट उघडून ते ठिणगी पाडणारे प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उचलून पॉइंटच्या फटीत गेजची पाती सरकवून डोळे बारीक करून पाहायचे आणि मायलेज पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. पेट्रोल आतच जळले पाहिजे, हा त्यांचा एकमेव मोटारधर्म होता. ज्वाळा काढण्याची सगळी विद्या याच्या बरोबर उलटी आहे. गाडी जोरात रेस करायची, चोक ओढून हवा तोडायची आणि ऐन रंगात इंजिनाची ठिणगी बंद करायची. इंजिन तरी गरगरत राहते, न जळलेले पेट्रोल ढकलत सायलेन्सरकडे पाठवते, आणि तिथे नळकांड्याच्या टोकाशी बसवलेला वेगळा प्लग त्याचे स्वागत करतो. थोडक्यात, जे पेट्रोल आत जळावे म्हणून वडिलांनी रविवार वेचले, ते बाहेर जळावे म्हणून मी मिस्त्रीला पैसे मोजणार होतो.

त्यातही हा उद्योग आम्ही कोणत्या गावात आरंभला होता, ते पाहावे. देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना शिकवणारे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आले. पेट्रोल आणि स्फोटके यांच्यावर साऱ्या देशात नजर ठेवणाऱ्या ‘पेसो’ या खात्याचे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. या दोन्हींच्या नजरेतून एखादी फियाट सुटलीच, तर तिच्या धुराचा अभ्यास करायला वर्धा रोडवर ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था बसलेली आहे. अन्य कुठल्याही शहरात आमचे कृत्य नुसता वेडेपणा ठरले असते. नागपुरात ते उद्धटपणात मोडत होते.

गणेशपेठेकडच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने भाच्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, हात पुसले आणि मला बाजूला नेऊन विचारले, “भाऊ, मले एक सांगा, गाडीले आग लावाची आहे का गाडीतून आग काढाची आहे?” दुसरी गोष्ट करायची आहे, असे मी सांगितल्यावर तो म्हणाला, “मंग होऊन जाते. पहिलीचे रेट वेगळे आहेत.”

त्याने काम मात्र झकास केले, हे कबूल केले पाहिजे. नळकांड्याच्या टोकापासून वीतभर आत भोक पाडून त्याने त्यावर चौदा एमएमचा नट गॅस वेल्डिंगने बसवला आणि त्यात जुना प्लग आवळला. डिकीत दुसरी कॉइल आली. आता कॉइलची गंमत अशी की, तिला नुसता करंट देऊन ठिणगी पडत नाही. तो करंट तुटावा लागतो, आणि ठिणगीमागून ठिणगी हवी असेल तर तो सारखा तुटत राहावा लागतो. इंजिनात हे काम पॉइंट करतात. इथे मिस्त्रीने हॉर्नचा एक रिले असा जोडला की, तो चालू झाला की स्वतःचाच करंट तोडायचा आणि तुटला की पुन्हा जोडायचा. दारावरच्या जुन्या बेलचे तत्त्वही हेच. डॅशबोर्डखाली लाल बटण आले. ते दाबले की इंजिनाची ठिणगी बंद आणि मागची चालू. ते दाबताच डिकीतून चिडलेल्या भुंग्यासारखा आवाज येऊ लागला आणि भाच्याच्या डोळ्यांत पाणी आले.

घरी मात्र वातावरण निराळे होते. “अहो, विम्याच्या फॉर्मवर हे काय म्हणून लिहिणार आहात?” एवढेच सौ.ने विचारले. आईने काहीच विचारले नाही. तिने फक्त डिकीतल्या वडिलांच्या हत्यारांची पेटी उचलून घरात आणून ठेवली.

चाचणी हिंगण्याच्या पुढे, भाच्याच्या मित्राच्या मोकळ्या जागेवर ठरली. तिथवर पोहोचणे हाच एक पराक्रम होता, कारण मे महिन्यात फियाटच्या पंपातच पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ चघळत बसतो आणि गाडी भर रस्त्यात मान टाकते. यावर वडिलांच्या काळापासून चालत आलेला एकच उपाय आहे: पंपावर ओले फडके ठेवायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे सल्ले ऐकायचे. ज्या पेट्रोलला पेटवायला आम्ही निघालो होतो, त्यालाच वाटेत थंड पाण्याच्या घड्या ठेवत आम्ही नेले.

पहिला प्रयत्न फसला. बटण दाबले, भुंगा गुणगुणला, आणि मागे काळा धूर व पेट्रोलचा वास यांपलीकडे काही झाले नाही. मिस्त्रीने प्लग काढून पाहिला, तर तो काजळीने ओला. त्याने तो माझ्या रुमालाला पुसला, भाच्याला चोक थोडा आत ढकलायला सांगितले आणि पुन्हा बटण दाबायला लावले. दरम्यान सायलेन्सरच्या डब्यात पेट्रोलची वाफ साठून राहिली होती, हे आमच्यापैकी कोणाला नाही, पण सायलेन्सरला ठाऊक होते. जो धडाका झाला, त्याने शेजारच्या संत्र्याच्या बागेतले पक्षी सामूहिकपणे उठले आणि सायलेन्सरची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली. पेट्रोलची टाकी, नळकांड्याचे टोक आणि भाच्याचा उत्साह या तिन्ही गोष्टी गाडीच्या मागच्याच अंगाला होत्या. त्यांतल्या तिसरीला थोडी धग लागली, बाकी दोन्ही शाबूत राहिल्या. अग्निशामक सिलिंडर हातात धरून मी उभा होतो, पण विझवण्याजोगे काही उरलेच नव्हते.

पुढच्या चाचणीला नवा सायलेन्सर आला आणि त्याच्याबरोबर भाच्याचे होणारे सासरेही आले. ही बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवली, याबद्दल मला सौ.चा संशय आहे. हे गृहस्थ वर सांगितलेल्या सेमिनरी हिल्सवरच्या खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी पेट्रोल पेटू नये यासाठी पगार घेतला होता. खुर्चीवर बसून त्यांनी आम्हाला समजावले की, २३ अंशांखाली ज्याची वाफ पेट घेऊ शकते ते पेट्रोलियम कायद्याने ‘अ’ वर्गात येते, आणि बाहेर तर ४४ अंश होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्यांनी आठवणीतून सांगितले: कंपनीने दिलेल्या गाडीत असले बदल करता येत नाहीत. मग ते मुद्द्यावर आले. “मामाजी, वरातीत बँडवाले गाडीच्या पुढे असतात, हे मान्य. पण मागे कोण असतं? नवऱ्या मुलाच्या आत्या, मावश्या, पैठण्या, आणि रोषणाईच्या जनरेटरचं पेट्रोल. तुमची ज्वाळा किती फुटांची?”

अजून एकही निघालेली नाही, असे आम्ही नम्रपणे सांगितले.

ती त्याच संध्याकाळी निघाली. सूर्य बुडाला होता, भाच्याने रेस वाढवत नेली, चोक ओढला, बटण दाबले, क्षणभर इंजिनाचा आवाज गळाला आणि मागून ‘भक्’ करून हातभर लांब, टोकाला पिवळी आणि मुळाशी निळसर अशी ज्वाळा बाहेर आली. बटण सोडले की ती जायची, दाबले की यायची. मिस्त्री हाताची घडी घालून उभा होता. आईला आम्ही मुद्दाम आणले होते, ती पाहून म्हणाली, “आपण पचमढीला गेलो तेव्हा घाटात अशीच निघाली होती. तेव्हा तुझ्या बाबांनी पैसे देऊन बंद करून घेतली.”

सासरेबुवांचा निकाल असा लागला की, वरातीला गाडी येईल, ज्वाळा येणार नाही. त्याप्रमाणे लग्न पार पडले; फियाट झेंडूच्या माळा लेवून सभ्यपणे आली आणि कार्यालयाच्या दारात बंद पडली, तेव्हा बँडवाल्यांनी ती ढकलली. मिस्त्रीच्या बिलात आग काढण्याचे पैसे होते आणि त्याखाली कार्बोरेटर पुन्हा जागेवर आणण्याचे पैसे होते. दुसरा आकडा मोठा होता. पीयूसीसाठी कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत आणायला त्याला फार घाम गाळावा लागला म्हणे.

लाल बटणाच्या वायरी काढून टाकायला मी त्याला सांगणारच होतो. पण हिंगण्याहून परतताना सासरेबुवा माझ्या शेजारी बसले होते, आणि वाडीपर्यंत गप्प राहिल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारले होते की, लग्नाची गडबड आटोपली की एखाद्या रविवारी पुन्हा त्या मैदानावर जाता येईल का, आणि त्या वेळी हेडलाइट बंद ठेवता येतील का. त्यांचा काल फोन आला होता. टाकीत पेट्रोल किती आहे, असे विचारत होते.